जोर, बैठका आणि चॉकलेट फ्लेवर

२०१८च्या सुमाराला मराठी घरांत उभी फूट पडली होती. कारण राजकारण नव्हतं, जमिनीची वाटणी नव्हती, सासू-सून तर नव्हतीच. कारण जेवण होतं. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित : दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा आणि मधल्या वेळात पाणी नाहीतर पातळ ताक. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर : उपाशी राहू नका, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, घरचं खा, हंगामातलं खा आणि तुपाला घाबरू नका. दीक्षितांच्या पद्धतीमागची मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. या गृहस्थांनी पदव्यांच्या बाबतीत मात्र आयुष्यात कधी उपास केला नव्हता.

आमच्याकडे ताई दीक्षित आणि भावोजी दिवेकर. भावोजींच्या मोबाइलचा गजर दर दोन तासांनी वाजायचा आणि ते मूठभर शेंगदाणे घेऊन खुर्चीत बसायचे. ताई समोर बसून ते चावल्याचा आवाज ऐकायची. लग्नकार्यात तर बघायलाच नको. पहिला घास तोंडात गेला की दीक्षित मंडळी घड्याळ बघून ठेवायची. पंगतीत नवरीकडून उखाणा घ्यायचा, तिने आढेवेढे घ्यायचे, नवऱ्याच्या मावशीने आग्रह करायचा, यात सात-आठ मिनिटं सहज जातात. जिलबी यायला उशीर झाला तर वाढप्याकडे ज्या नजरेने बघितलं जायचं, तशी नजर मी पूर्वी फक्त मुलीकडच्यांकडे टाकलेली पाहिली होती.

दोन्ही पक्षांतल्या बऱ्याच जणांची वजनं उतरली, हे खरं. दोन परस्परविरोधी सल्ल्यांनी एकच फळ द्यावं, याचं अनेकांना कोडं पडलं. मला पडलं नाही. संध्याकाळी सहाचं फरसाण दोघांनीही बंद केलं होतं. शिवाय आपण तोंडात काय टाकतो याकडे ही माणसं आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. पण ‘फरसाण बंद करा’ एवढ्यावर व्याख्यान होत नाही, पुस्तक तर नाहीच नाही.

भाचा या दोन्ही पक्षांच्या बाहेर वाढला. आई दीक्षित आणि बाबा दिवेकर असलेल्या मुलाने तिसरा धर्म स्वीकारणं साहजिकच होतं. त्याचा धर्म म्हणजे जिम. तिथे देव नाहीत, मॅक्रो आहेत, म्हणजे प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्धांचे ग्रॅम. वर्षाचे ऋतू दोनच, बल्क आणि कट. बल्कमध्ये तो दिसेल ते खातो, कटमध्ये दिसेल त्याच्यावर चिडतो. सिंहगड रस्त्यावर त्याची जिम आहे. एकदा त्याला आणायला गेलो होतो, तेव्हा आत बसून घेतलं. चारी भिंतींना आरसे, जांभळे दिवे आणि मर्तिकालाही माणूस ठेका धरायला लागेल असलं संगीत. यंत्रं इतकी, की मानवी शरीराला एवढे भाग आहेत हे मला तिथेच कळलं. एका मुलाने सेट मारला आणि पाच मिनिटं फोन बघितला. मग पुन्हा सेट मारला आणि पुन्हा फोन. अंगठ्याचा व्यायाम मात्र उत्तम चालला होता.

तिथला ट्रेनर मोठा उत्साही. दर महिन्याला तो कार्यक्रम बदलतो. का, तर ‘मसल कन्फ्यूज करायचा असतो सर. त्याला सवय झाली की तो वाढत नाही.’ स्नायूला गोंधळात टाकायचं, ही कल्पना मला फारच आवडली. जणू दंडातला तो बिचारा स्नायू सोमवारी सकाळी तयारी करून बसलाय, आज छातीचा पेपर आहे म्हणून, आणि ट्रेनरने ऐनवेळी भूगोल काढला. आता, स्नायूला गोंधळून जायला डोकं लागतं आणि ते त्याला नाही. त्याला एवढंच कळतं की काल जेवढं उचललं त्यापेक्षा आज थोडं जास्त आहे, की तेवढंच आहे. जास्त असेल तर तो हळूहळू वाढतो. तेवढंच असेल तर आहे तिथेच राहतो. त्याला कंटाळाही येत नाही. कंटाळा येतो तो मालकाला, आणि सगळा बाजार मालकाच्या कंटाळ्यावर उभा आहे.

याचा सगळा हिशेब शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म नावाच्या तरुण डॉक्टरने करून ठेवलेला आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, गुडघे निकामी झालेले सैनिक खाटांवर पडून होते आणि तेव्हाचा वैद्यकीय रिवाज असा की दुखऱ्या पायाला जपा. डीलॉर्म स्वतः लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठून वजनं उचलणारा. त्याने सैनिकांच्या पायाला वजन बांधलं, दहा वेळा उचलायला लावलं आणि ते जमलं की वजन वाढवलं. १९४५मध्ये त्याने हे छापलं. आधी तो सात ते दहा सेट करून घ्यायचा. १९४८मध्ये त्याने सांगितलं की एवढ्यांची गरज नाही, तीन पुरेत. तीन सेट, दहा वेळा, वजन वाढवत चला. जगातल्या कुठल्याही जिमच्या भिंतीवर आजही हेच लिहिलेलं असतं. फरक एवढाच की खाली मासिक शुल्कही असतं.

पण एका ओळीत मावणारी विद्या विकायची कशी, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. युजेन सँडो हा पहिला जगप्रसिद्ध पीळदार माणूस. १९०४-०५च्या सुमाराला तो हिंदुस्थानातही येऊन गेला आणि पुढे त्याचं नाव आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला चिकटलं. सँडोने स्वतःचं शरीर कमावलं ते जड जड वजनं उचलून. लोकांना मात्र त्याने स्प्रिंग बसवलेले हलके डंबेल विकले, ताणायच्या दोऱ्या विकल्या, टपालाने धडे विकले. एवढ्यावर न थांबता ‘सँडो कोको’ही काढला. म्हणजे चॉकलेट फ्लेवर ही कल्पना भाच्याच्या प्रोटीनच्या डब्यावरची नव्हे, शंभर वर्षांपूर्वीची. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्या मासिकांच्या पानांवर बुलवर्कर नावाच्या व्यायामाच्या उपकरणाच्या जाहिराती असायच्या. डावीकडे बरगड्या मोजता येतील असा मनुष्य, उजवीकडे तोच मनुष्य दरवाजाएवढा. मधल्या काळात तो काय जेवला, हे जाहिरातीत कधीच नसायचं.

भाच्याला एकदा कोल्हापुरातल्या जुन्या तालमीत घेऊन गेलो. एका लग्नाच्या निमित्ताने तिकडे होतोच. तालमीत शिरताना वाकावं लागतं, कारण दार ठेंगणं. आत आरसा नव्हता, मारुती होता. आरशात बघून माणूस खूश होतो, मारुतीकडे बघून जरा जागेवर येतो. मधोमध हौदा आणि त्यात तांबडी माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं. भाचा म्हणाला, ‘मामा, या मातीचे मॅक्रो माझ्या ब्रेकफास्टपेक्षा बरे आहेत.’ पोरं पहाटे चारला उठून आलेली. दोघं फावड्याने हौदा खणत होते. मला वाटलं काहीतरी दुरुस्ती चालली आहे. तो व्यायाम होता. एक जण दोरावरून नुसत्या हातांनी छतापर्यंत जाऊन खाली येत होता, एक जण दुसऱ्याला खांद्यावर घेऊन बैठका मारत होता. कोपऱ्यात करेला आणि गदा उभ्या. सगळ्या यंत्रांत फिरणारा भाग एकच, तो म्हणजे माणूस.

वस्ताद साठीच्या पुढचे. कान चुरगळलेले, आवाज बारीक. भाच्याने आदराने विचारलं, ‘वस्ताद, तुमच्याकडे लेग डे कधी असतो?’

‘म्हंजे?’

‘म्हणजे पायांचा दिवस. आम्ही गुरुवारी करतो.’

‘पाय रोजच असत्यात की रं,’ वस्ताद म्हणाले.

भाच्याने धीर सोडला नाही. ‘आणि रेस्ट डे? विश्रांती?’

‘जत्रेदिवशी.’

‘म्हणजे त्या दिवशी काहीच नाही?’

‘त्या दिवशी कुस्ती असती.’

मग खुराकाचा विषय निघाला. कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घालून एक पोरगा लाकडी सोट्याने ती थंडाई घोटत होता. पाऊण तास घोटतो म्हणे. त्याचे दंड बघितल्यावर मला वाटलं, ही थंडाई प्यायची गरजच नाही, घोटली तरी पुरे. भाच्याच्या शेकरमध्ये तारेचा एक चेंडू असतो. दहा वेळा हलवलं की काम झालं. संध्याकाळी त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. समोर म्हैस उभी, समोरच धार काढायची आणि फेसासकट पेला हातात. भाचा पेला फिरवून फिरवून बघत होता. मागे पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला नव्हता.

तालमीच्या भिंतीवर खाशाबा जाधवांचं चित्र होतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस. १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. वस्तादांनी हे सगळं सांगितलं आणि मग वजनगट सांगितला, ५७ किलो. भाचा एकदम गप्प झाला. बल्क सुरू करायच्या आधी त्याचं वजन बरोबर ५७ होतं. त्या काळात तो बाही वर केलेला फोटो काढू द्यायचा नाही.

आता कुणी म्हणेल, चला, जुनं ते सोनं. मी तसं म्हणणार नाही. तालमीबाहेरच्या कट्ट्यावर चार-पाच माजी पैलवान बसले होते. खांदे अजून तसेच, पण त्यांच्यापुढे एक एक पोट स्वतंत्रपणे बसलं होतं. वस्ताद हळूच म्हणाले, ‘म्हेनत सुटली, खुराक सुटला न्हाई.’ शिवाय हजार बैठका मारणं ही कौतुकाची गोष्ट खरी, पण ती दमाची कमाई. ज्याला नुसतं बळ वाढवायचंय त्याला शंभराच्या पुढच्या बैठकांपेक्षा खांद्यावरचा माणूस जास्त उपयोगी पडतो. हे वस्तादांना ठाऊक आहे, म्हणून तर पोरं एकमेकांना उचलत होती. मॅटवरच्या कुस्तीसाठी लोखंडी वजनंही आता तालमीत आली आहेत, आणि त्यांनी मारुतीच्या शेजारी उभं राहायला काही लाज वाटून घेतलेली नाही.

खरा विनोद तालमीत नाही, तालमीच्या नावाने चालणाऱ्या हॉटेलांत आहे. पुण्याची मंडळी शनिवारी गाडी काढून कोल्हापूरला जातात, ‘पैलवानी थाळी’ मागवतात, तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी ओढतात, वर मटण, वर अंडं, वर भाकरी, आणि मग दोनशे तीस किलोमीटर बसून परत येतात. जेवण पैलवानाचं, व्यायाम ड्रायव्हरचा. परत आल्यावर सोमवारी याच मंडळींचा चिया सुरू होतो.

चियावरून आठवलं. चिया आणि आपला सब्जा हे दोघेही तुळशीच्या कुळातले. सब्जा फालुद्यात होता तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. किनोआ तर आपल्या चाकवताच्या इतका जवळचा की वनस्पतिशास्त्राने दोघांना एकाच आडनावाखाली घातलंय, आणि राजगिरा त्याच विस्तारित कुटुंबातला. चाकवताची ताकातली भाजी केली की घरातली तरुण मंडळी ताट पुढे सारतात. त्याच्या दक्षिण अमेरिकेतल्या भावाला मात्र ती काचेच्या बरणीत ठेवतात आणि नाव नीट उच्चारायचा सराव करतात. नाचणीचं नशीब त्यातल्या त्यात बरं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष ठरवलं आणि आजीची आंबील एकदम शहाण्यांच्या पंगतीत जाऊन बसली.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त करमणूक भाच्याच्या काळ्या डब्याने दिली. हा डबा माझ्या आईच्या फ्रिजवर उभा असतो, कारण सुट्टीत भाचा आजीकडे राहतो. त्याच्यावर एका बैलाचं चित्र आहे आणि आत व्हे प्रोटीन. आईने एकदा विचारलं, ‘हे व्हे म्हणजे काय रे?’ त्याने समजावून सांगितलं की दुधाचं चीज केल्यावर जे पाणी उरतं, त्यापासून हे बनवतात. आई त्या वेळी श्रीखंडासाठी चक्का टांगत होती. तिने पंचाकडे बघितलं. खालच्या पातेल्यात टप टप पाणी गळत होतं. ‘म्हणजे हे?’

‘तसंच, पण…’

‘मी यात कणीक भिजवते.’

न्यायाने बोलायचं तर भाच्याचा ‘पण’ खरा होता. चक्क्याच्या पाण्यात शंभर मिलीला प्रथिन ग्रॅमभरसुद्धा नसतं. परदेशातले चीजवाले हे पाणी डुकरांना घालायचे, नाहीतर नदीत सोडून द्यायचे. मग ते गाळून, आटवून, वाळवून त्याची भुकटी करायचं तंत्र आलं, आणि आता एका चमच्यात चार अंड्यांएवढं प्रथिन बसतं. म्हणजे भुकटी ही फसवणूक नव्हे. ते दूधच आहे, फक्त त्याला चॉकलेट लावून बैलाच्या चित्राखाली बसवलंय. गाईच्या वस्तूवर बैलाचं चित्र का, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि मराठी ताटाची बाजू घेणाऱ्यांनी जरा ताटाकडेही बघावं. सरकारी शिफारस साध्या माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनाची आहे. वजनं उचलणाऱ्याला याच्या दुपटीच्या जवळ, १.६ ग्रॅमपर्यंत उपयोग होतो, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ५७ किलोंच्या पोराला साधारण ९० ग्रॅम. आता आपला दिवस बघा. सकाळी पोहे. दुपारी पोळी, बटाट्याची भाजी आणि इतकं पातळ वरण की डाळ आहे हे मानण्यावर असतं. रात्री मुगाची खिचडी, तीही तांदळाच्या बाजूने झुकलेली. उपासाच्या दिवशी साबुदाणा, ज्यात प्रथिन म्हणावं असं काही असेल तर ते दाण्याचं कूट. या ताटावर ९० ग्रॅम भरायचे तर त्या पोराला पंगतीच्या पंगती उठवाव्या लागतील. पण याच स्वयंपाकघरात अर्धा लिटर दूध, चार अंडी, दोन वाट्या घट्ट उसळ, दोन मुठी शेंगदाणे, वाटीभर दही आणि तीन-चार भाकऱ्या असल्या की काटा नव्वदीच्या जवळ येतो. अंडी चालत नसतील तर पनीर किंवा सोयाबीन आहे. यात गुपित काही नाही, आणि हीच त्याची अडचण. हा सल्ला दर महिन्याला बदलता येत नाही. उसळीची नवी आवृत्ती निघत नाही.

हल्ली तर साधेपणाचीही विक्री सुरू झाली आहे. ‘बॅक टू बेसिक्स’ नावाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम भाच्याने मला दाखवला. त्यात जोर होते, बैठका होत्या, पायी चालणं होतं, वेळेवर झोपणं होतं आणि घरचं जेवण होतं. पहिल्या धड्यात एक दाढीवाला तरुण लाकडी मुद्गल फिरवत आपल्या आजोबांची आठवण सांगत होता. सवलतीनंतरची किंमत ऐकून मी विचारलं, ‘यात आजोबांचा वाटा किती?’

भाचा हसला, पण त्याने तो अभ्यासक्रम घेतला नाही. जिमही सोडली नाही. फक्त आता महिनोन् महिने तेच चार व्यायाम करतो, वहीत आकडा लिहितो आणि पुढच्या वेळी थोडा वाढवतो. ट्रेनर त्याच्यावर नाराज आहे. ‘बोर होत नाही का?’ विचारतो. बोर होतं, असं भाचा सांगतो आणि बारखाली जाऊन उभा राहतो.

त्याचं अ‍ॅप मात्र सुटलेलं नाही. परवा आईने थालीपीठ लावलं होतं. भाच्याने फोन काढला. अ‍ॅपला थालीपीठ माहीत नव्हतं. त्याने ‘पॅनकेक, मल्टिग्रेन’ निवडलं, मग ते मनाला पटेना म्हणून एक एक घटक भरायला घेतला.

‘आजी, भाजणीत काय काय आहे?’

‘ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे.’

‘उडीद किती ग्रॅम?’

‘अंदाजाने.’

‘अंदाजाने असा पर्याय नाहीये, आजी. बरं, तेल किती?’

‘सुटेल एवढं.’

‘आणि एक सर्व्हिंग म्हणजे किती धरू?’

‘तू धर तुला काय धरायचं ते,’ आईने उलथनं तव्याखाली सरकवलं, ‘तुझं लिहून होईस्तोवर दुसरं झालंय. लोणी वर घालते आहे, तेही लिही.’